मदत हवी आहे: एन्टामिबा-जिआर्डियाचं पीएफओआर एन्झाइम आलं कोणाकडून?

मंडळी,

एमएस्सीच्या वर्गाला परजीवी शिकवते. नेहमीचा मायटोकॉन्ड्रिया (पेशीतलं ऊर्जाघर) नसलेल्यांचा, म्हणजे एन्टामिबा (आमांशाचा अमिबा), जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवींचा भाग आला की माझी गाडी दरवर्षी एकाच ठिकाणी अडते. उत्क्रांतीतल्या जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जे माहीत आहे ते आधी सांगते, म्हणजे तेच परत लिहिण्यात तुमचा वेळ जायला नको. हे जीव मायटोकॉन्ड्रिया येण्यापूर्वीच वेगळे झाले, ही १९८०च्या दशकातली कॅव्हेलियर-स्मिथ यांची 'आर्किझोआ' कल्पना निकालात निघाली आहे. १९९५ मध्ये एन्टामिबात सीपीएन६० हे मायटोकॉन्ड्रियाच्या घराण्यातलं जनुक सापडलं. १९९९ मध्ये त्याच्यात मायटोसोम, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा झिजलेला अवशेष मिळाला, २००३ मध्ये जिआर्डियात. ट्रायकोमोनासचा हायड्रोजिनोसोम, म्हणजे पेशीतला हायड्रोजन बनवणारा घटक, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे पूर्वजांकडे मायटोकॉन्ड्रिया होता, ऑक्सिजनविना राहता राहता तो झिजला. इथवर ठीक.

आता पीएफओआर, म्हणजे पायरुव्हेट-फेरेडॉक्सिन ऑक्सिडोरिडक्टेज. आपल्या पेशीत पायरुव्हेटचं असिटिल-कोए करतं ते मायटोकॉन्ड्रियातलं पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज. या तिघांकडे ते नाही, पीएफओआर आहे. ट्रायकोमोनासमध्ये हायड्रोजिनोसोमच्या आत, बाकी दोघांत बाहेर पेशीद्रवात. (आमांशावर मेट्रोनिडाझोल लागू पडतं त्याचं एक मोठं कारण हेच. पीएफओआरचे इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनमार्फत औषधाच्या नायट्रो गटावर जातात आणि तयार झालेला क्रियाशील रेणू अमिबाचा डीएनए तोडतो. आपल्या पेशीत ही सोय नसल्याने आपण वाचतो.)

पीएफओआर मायटोकॉन्ड्रियाबरोबर आलं असेल, तर अल्फा-प्रोटिओबॅक्टेरियांच्या (मायटोकॉन्ड्रिया ज्या जिवाणूंपासून आला त्या गटाच्या) पीएफओआरशी नातं दिसायला हवं. दिसत नाही. तिघांनी जिवाणूंकडून वेगवेगळं घेतलं असेल, तर जनुकाच्या वंशवृक्षात, म्हणजे झाडावर, तिघे तीन फांद्यांवर हवेत. तेही नाही, बहुतेक झाडांत ते एकत्रच येतात. मग विद्यार्थ्यांना सांगू काय?

शेवाळ: यात कोडं काय ते कळलं नाही. आतड्यात जिवाणूंचा शेजार, त्यात जिवाणू गिळून जगणारा अमिबा. जनुक उचललं, विषय संपला. लोह-गंधकाचे पुंजके बांधायची यंत्रणाही त्याने अशीच उचलली ना? मायटोकॉन्ड्रियाची आयएससी यंत्रणा गेली, जिवाणूंची एनआयएफ आली.

धागाकर्ती: एनआयएफचं मान्य. पण तिथे एन्टामिबा सरळ एप्सिलॉन-प्रोटिओबॅक्टेरिया या जिवाणूंच्या जवळ जाऊन बसतो, देणारा कोण ते दिसतं. इथे देणाराच सापडत नाही. शिवाय युग्लिना हा पाण्यातला एकपेशीय जीव ना परजीवी, ना आतड्यातला. तरी त्याच्या मायटोकॉन्ड्रियात पीएफओआर आहे, मागे दुसऱ्या एन्झाइमचा भाग जोडलेला. तसंच जोडलेलं रूप क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीकडेही आहे. तिथे शेजाराचा हिशेब कसा लावायचा?

खडूस_अमिबा: ताई, तुम्ही दोन प्रश्न एकत्र केलेत. जनुक दृश्यकेंद्रकींत (पेशीत केंद्रक असलेल्या जीवांत) कुठून शिरलं हा एक, आणि शिरल्यावर आपसांत कसं पसरलं हा दुसरा.

पहिल्याबद्दल: आजच्या अल्फा-प्रोटिओबॅक्टेरियांशी जुळत नाही एवढ्यावरून 'मायटोकॉन्ड्रियाबरोबर आलं नाही' असं ठरत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा पूर्वज जिवाणू आपल्या पूर्वजाच्या पेशीत राहू लागला, त्या सहजीवनाला अब्जाहून जास्त वर्षं झाली. तेव्हापासून जिवाणू आपसांत जनुकांची देवाणघेवाण करतच आहेत. मार्टिन आणि म्युलर यांच्या १९९८च्या हायड्रोजन गृहीतकाची (हे सहजीवन हायड्रोजनच्या देवाणघेवाणीतून जमलं असं मानणारी) मंडळी हेच म्हणतात. मला यात थोडी पळवाट दिसते, कारण मग कुठलंही झाड चालून जातं. पण मुद्दा खोडता येत नाही.

दुसऱ्यासाठी फांद्यांचा क्रम बघा. जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास मेटामोनाडा या गटातले. एन्टामिबा अमिबोझोआ या गटातला, म्हणजे नात्याने त्यांच्यापेक्षा आपल्याला जवळचा. पीएफओआर वारशाने आलं असेल तर झाडात हाच क्रम दिसायला हवा. एन्टामिबाचं जनुक मेटामोनाडांच्या मधोमध शिरलेलं दिसलं, तर एका दृश्यकेंद्रकीकडून दुसऱ्याकडे गेल्याचा संशय घ्या. मुक्त राहणारा मास्टिगअमिबा झाडात घेतलाय का? तो एन्टामिबाचा भाऊबंद आहे आणि त्याच्याकडेही पीएफओआर आहे. दोघं शेजारी आले, तर निदान त्यांच्या समाईक पूर्वजाकडे ते होतं असं म्हणता येईल. त्यापलीकडे नाही.

आणि परजीवींची जनुकं भराभर बदलतात. लांब फांद्या नातं नसतानाही एकमेकींना चिकटतात. जनुकातल्या बदलांचं साधं मॉडेल लावून 'तिघे एकत्र' आले असतील, तर त्यावर फार विसंबू नका.

धागाकर्ती: मास्टिगअमिबा घेतला नव्हता. आता घेऊन परत बांधते. यीस्टच्या सल्फाइट रिडक्टेजमध्येही पीएफओआरसारखा तुकडा आहे. तो संरेखनात (झाडासाठी प्रथिनांचे क्रम एकाखाली एक जुळवतात त्यात) घेऊ का?

खडूस_अमिबा: मुख्य झाडात नको. तो तुकडाच आहे, त्याच्यासाठी बाकीच्यांचे रकाने कापावे लागतील. वेगळं छोटं झाड करा आणि दोन्ही इथे टाका.