ड जीवनसत्त्व ११ आले आहे. ६०,००० युनिटची मात्रा योग्य आहे का?

प्रश्न:
माझ्या आईच्या (वय ६२) रक्तात ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आढळले असून, डॉक्टरांनी ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला सांगितली आहे. एवढी मोठी मात्रा आवश्यक असते का?

प्रतिसाद १:
आकडा भीतिदायक वाटतो खरा, पण ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे पूर्ण कॅप्सूलमध्ये जेमतेम दीड मिलिग्रॅम औषध असते. हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्याने आठवड्याची मात्रा एकदम देता येते. पातळी २० च्या खाली असताना आधी साठा भरून काढायचा आणि नंतर रोज १,००० ते २,००० युनिटवर यायचे, ही रूढ पद्धत आहे. कॅप्सूल उपाशीपोटी न देता जेवणानंतर द्यावी. स्निग्ध पदार्थांसोबत ती चांगली शोषली जाते.

प्रतिसाद २:
माझ्या काकांनी हीच कॅप्सूल चुकून रोज घेतली, आणि रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता व अतिशय तहान सुरू झाली. म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रश्नकर्ती:
आईला २०१९ मध्ये मूतखडा झाला होता, हे सांगायचे राहून गेले! पहिली कॅप्सूल देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारते.

प्रतिसाद १:
अवश्य विचारा, कॅल्शियम आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासणीही लागेल का, तेही विचारून घ्या.