मदत हवी आहे: पाच फुटी फिशटँकचं माप आणि काचेची जाडी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सहा वर्षांपासून तीन फुटी टँक आहे. माप ९० × ३८ × ४५ सेमी, म्हणजे जेमतेम दीडशे लिटर. गेल्या वर्षी त्यात दोन ऑस्कर सोडले. आणले तेव्हा आगपेटीएवढे होते, आता वीतभर झालेत आणि वळताना शेपटी काचेला घासते. चूक माझीच, मासा किती मोठा होतो ते आधी वाचायला हवं होतं. तेव्हा मोठा टँक करायचा हे नक्की.

डोक्यात आहे ते माप: लांबी १५० सेमी, रुंदी ४५, उंची ७५. (खोली हा शब्द मुद्दाम टाळतोय. कुणी तो मागे-पुढे वापरतं, कुणी वर-खाली, आणि टँक ठेवायचा तोही खोलीतच!) रुंदी कमी ठेवली की जागा कमी अडेल आणि उंच टँक दिसतोही भारी, असा हिशोब.

काचेबद्दल तिघांना विचारलं. एक म्हणाला १० मिमी पुरे, "आम्ही असे कितीतरी केलेत". दुसरा म्हणाला १२ मिमी आणि वरून पट्ट्या. तिसरा १५ मिमी टफन्ड (तापवून कणखर केलेली काच). तिघेही छातीठोकपणे सांगतात, त्यामुळे माझाच गोंधळ झालाय. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. फिल्टर बाहेरचा कॅनिस्टर (टँकशेजारी ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला डबा) असेल, काचेला भोकं पाडायची नाहीत. एक्स्ट्रा क्लिअर काचेचा खरंच फरक पडतो का तेही सांगा.

गाळणी:

काचेकडे नंतर जाऊ, आधी मापच बदला.

ऑस्कर फूटभर वाढतो. ४५ सेमी रुंदीत फूटभराचा मासा वळतो, पण अंग चोरून. तुमची सध्याची तक्रार तीच आहे ना? ३८ चे ४५ करून मोठंसं काही साधत नाही, ६० हवेत. उंची मात्र त्याला फारशी लागत नाही, तो आडवा पोहणारा मासा. हवा विरघळते ती पाण्याच्या पृष्ठभागातून, आणि अरुंद-उंच टँकमध्ये तोच कमी पडतो.

आता एक प्रयोग करा. भिंतीला ७५ सेमीवर खूण करा, ते तुमचं स्टँड. त्यावर आणखी ७५ सेमी, म्हणजे टँकचा काठ दीड मीटरवर. तिथून हात आत घालून तळाचा दगड उचलायचाय अशी कल्पना करा. बगलेपासून बोटांच्या टोकापर्यंत बहुतेकांचा हात ७५ सेमी भरत नाही. दर आठवड्याला स्टुलावर चढून बाही भिजवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

काचकाम:

गाळणीशी सहमत. माझं कारण निराळं आहे, आकड्यांचं.

तळाशी पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. समोरच्या काचेवरचा एकूण जोर लांबी × उंचीचा वर्ग या प्रमाणात वाढतो. म्हणजे उंची दीडपट केली की जोर सव्वादोनपट. तुमच्या १५० × ७५ च्या काचेवर हा जोर सुमारे ४२० किलो येतो. तीच लांबी ठेवून उंची ५५ केली तर २२७ किलो. जवळजवळ निम्मा.

आता गंमत बघा. १५० × ४५ × ७५ चे बाहेरच्या मापाने ५०६ लिटर होतात. १५० × ६० × ५५ चे ४९५. पाणी तेवढंच, काचेवरचा भार निम्मा, आणि माशाला वळायला १५ सेमी जास्त.

जाडीचा हिशोब असा. साध्या काचेची वाकताना धरायची ताकद १९.२ न्यूटन प्रति चौ. मिमी मानतात आणि तिला ३.८ ने भागतात. हा ३.८ म्हणजे सुरक्षा गुणांक: काचेवरचा बारीक ओरखडा, धारेवरचा टवका, कुणाचा लागलेला धक्का, या सगळ्यासाठी ठेवलेली जागा. उंची ७५ आणि लांबी तिच्या दुप्पट असली की उत्तर येतं १६ मिमीच्या थोडं वर. बाजारात १५ नंतर थेट १९ मिमी मिळते. त्या मापाला १० मिमी लावली तर गुणांक दीडच्याही खाली उतरतो. ज्यांनी "असे कितीतरी केलेत" ते सगळे ७५ उंचीचे होते का, एवढं विचारून बघा.

उंची ५५ ला उत्तर सुमारे ११ मिमी, म्हणजे १२ मिमी घ्यायची. गुणांक साडेचारच्या आसपास येतो. १० मिमीत तो ३.२ राहतो. टँक उभा राहील, पण एवढं पाणी घरात ठेवून मी तरी तिथे काटकसर करणार नाही.

धागाकर्ता:

बापरे. एक शंका, बाळबोध वाटेल. रुंदी ४५ ची ६० केली तर समोरच्या काचेमागे जास्त पाणी उभं राहणार. मग त्या काचेवरचा जोर वाढणार नाही?

काचकाम:

नाही. शंका बाळबोध नाही, जवळजवळ प्रत्येकाला येते. धरणाची भिंत आठवा. मागे पाणी चार किलोमीटर पसरलंय की चाळीस, भिंतीला त्याचं सोयरसुतक नसतं. भिंतीपाशी पाणी किती उंच चढलंय तेवढं तिला कळतं. रुंदी वाढली की बाजूच्या छोट्या काचांवर आणि तळावर भार वाढतो, समोरच्या काचेवर नाही.

लांबीचं थोडं वेगळं आहे. लांबी वाढली की काचेचा मध्य कोपऱ्यांच्या आधारापासून लांब जातो आणि वरची मोकळी कड बाहेर फुगते. पण लांबी उंचीच्या अडीच-तीनपट झाली की पुढे जाडीत फारशी भर पडत नाही. म्हणून सहा फुटी ठेंगणा टँक चार फुटी उंच टँकपेक्षा पातळ काचेत बसू शकतो.

रात्रपाळी:

टफन्डबद्दल मी बोलते, कारण माझं हात दाखवून अवलक्षण झालेलं आहे.

टफन्ड काच वाकायला मजबूत, हे खरं. पण एकदा टफन केली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. एक माप दोन मिमीने चुकलं की पूर्ण काच वाया. माझी गेली. आणि ती फुटते तेव्हा तडा जात नाही, एका क्षणात चुरा होतो. साध्या काचेला तडा गेला तर पाणी गळायला लागतं, बादल्या आणायला आणि मासे काढायला वेळ मिळतो. घरच्या टँकला मी तरी साधी जाड काचच घेईन.

लॅमिनेटेड (मध्ये पातळ थर घालून चिकटवलेल्या दोन काचा) कुणी सुचवली तर लक्षात ठेवा, ६ अधिक ६ म्हणजे १२ नव्हे. मधल्या थरामुळे दोन काचा थोड्याफार स्वतंत्र वाकतात, अखंड १२ मिमीएवढी ताकद येत नाही.

एक्स्ट्रा क्लिअरचा फरक दिसतो, विशेषतः १२ मिमीत. साध्या काचेत लोह असतं, त्याची हिरवट झाक जाडीबरोबर वाढते. पण चारही बाजूंना ती काच कशाला? फक्त समोरची घ्या. मागची काच तर आपण कागद चिकटवून झाकतोच.

आता खरी गोष्ट. माझा पहिला चार फुटी टँक काचेमुळे गेला नाही, स्टँडमुळे गेला. लोखंडी स्टँडचा एक पाय ४ मिमी आखूड होता. रिकामा असताना काही कळलं नाही. भरल्यावर आठ दिवसांनी रात्री दोन वाजता पायांना गार लागलं म्हणून उठले. तळाच्या काचेला एका कोपऱ्यातून तिरपा तडा. पाणी हळूहळू येत होतं म्हणून मासे वाचले, गालिचा नाही. तेव्हापासून स्टँडखाली आधी गवंड्याची पाण्याची नळी लावते, मगच बाकीचं.

गाळणी:

ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात भर: स्टँडवर सपाट जाड प्लायवूड, त्यावर १० मिमी थर्माकोल किंवा फोम, मग टँक. थर्माकोल बारीकसारीक खडबड गिळतो, एखादा खडा राहिला तर वाचवतो. आखूड पाय मात्र तो सरळ करत नाही. टँकला खालून प्लास्टिकची चौकट असेल आणि काच अधांतरी असेल तर थर्माकोल घालायचा नसतो, पण तुमच्याकडे तसं नाही.

धागाकर्ता:

धन्यवाद! माप बदललं: १५० × ६० × ५५, १२ मिमी, समोरची एक्स्ट्रा क्लिअर. राहिला मजला. एकूण वजन किती धरू?

काचकाम:

आतली मापं धरून आणि काठापासून थोडं खाली पाणी ठेवून सुमारे ४२५ लिटर, म्हणजे ४२५ किलो. काच: एक चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे अडीच किलो, तुमची सव्वातीन चौ. मीटरच्या आसपास, म्हणजे शंभर किलो. वाळू-दगड ४०-५०, स्टँड ६०-८०. सगळं मिळून साडेसहाशेच्या घरात. नऊ माणसं एका सतरंजीवर दाटीवाटीने उभी आहेत आणि ती कधीच हलणार नाहीत, असं समजा.

घरांच्या स्लॅबला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात. तुमच्या टँकखाली तो ७०० च्या पुढे जातोय. पण ते २०० सबंध खोलीवर पसरलेले असतात, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. टँक कुठे ठेवता यावर खूप अवलंबून आहे. खाली तुळई असलेली भिंत, खांबाजवळचा कोपरा, या जागा चांगल्या. खोलीच्या मधोमध नको. बाहेर काढलेल्या गॅलरीत अजिबात नको. इमारत जुनी असेल तर नकाशा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. इथे आम्ही उंटावरून शेळ्या हाकतोय, तुमचा स्लॅब आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही.

धागाकर्ता:

इंजिनिअर येऊन गेले. खिडकीखालची जागा नापसंत केली, आतल्या भिंतीलगतची चालेल म्हणाले, तिच्याखाली तुळई आहे.

दरम्यान खोक्यांचे पुठ्ठे जोडून टँकच्या मापाचा सांगाडा केला आणि तिथे ठेवला. बरं झालं केला. मागे नळ्यांसाठी १० सेमी सोडले की टँक भिंतीपासून ७० सेमी पुढे येतो आणि आतल्या खोलीचं दार पूर्ण उघडत नाही! २० सेमी डावीकडे सरकवल्यावर जमलं.

कापायला द्यायची यादी, सगळं मिमीत. तळ १५०० × ६००, एक नग. समोर-मागे १५०० × ५३८, दोन. बाजू ५७६ × ५३८, दोन. चारही भिंती तळावर उभ्या राहतील असं धरलंय. बरोबर?

रात्रपाळी:

थांबा, सिलिकॉनला जागा कुठे आहे? काच काचेला टेकवून सगळं सिलिकॉन पिळून बाहेर काढलं तर सांधा कशाच्या जोरावर धरणार? प्रत्येक सांध्यात निदान १ मिमी हवा. म्हणजे बाजू ५७४, आणि भिंतींची उंची ५३७.

वरच्या पट्ट्याही यादीत घाला. १४७० × ६० च्या दोन, समोर आणि मागे, काठाच्या आत आडव्या चिकटवायच्या. १२ मिमीत त्या अत्यावश्यक नाहीत, पण मधला फुगवटा कमी होतो आणि झाकण ठेवायला कड मिळते. ऑस्कर उडी मारतो, झाकण लागणारच. सगळ्या धारा घासून द्यायला सांगा, टवका असलेली काच परत करा.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, मत्स्यटँकसाठीचं. बाथरूमचं बुरशीरोधक चुकूनही नको. एका बैठकीत जोडा, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. मग आठवडाभर हात लावू नका.

काचकाम:

आठवड्याने भरताना एकदम भरू नका. एक तृतीयांश भरा, एक दिवस जाऊ द्या. पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत काठापासून सारख्याच अंतरावर आहे का ते पट्टीने मोजा. यापेक्षा चांगली लेव्हल विकत मिळत नाही. फरक दिसला तर टँक रिकामा करून स्टँड दुरुस्त करा, भरलेल्या टँकखाली पाचर ठोकू नका.

आणि जोडणी शक्यतो घरातच करून घ्या. शंभर किलोचा दीड मीटरचा टँक जिन्याच्या वळणावर उभा करावा लागतो, आणि तिथे नवे सांधे पिळवटतात.

धागाकर्ता:

यादी दुरुस्त केली: ५७४ आणि ५३७, पट्ट्या दोन. जोडणी घरातच. जिना आत्ताच मोजून आलो, वळणावर कपाट आणतानाच भिंतीचा पोपडा गेला होता, तो अजून तसाच आहे.