मदत हवी आहे: काँगोत भावाचा मलेरिया बरा झाला होता, आता पुन्हा प्रकृती खालावली आहे

मिरजेची_ताई:
माझा धाकटा भाऊ काँगोत नोकरीला आहे. मलेरियातून तो बरा झाला होता, पण चार दिवसांपासून पुन्हा आजारी आहे. काल व्हिडिओ कॉलवर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसत होते आणि एक जिना चढताना तो दोनदा खाली बसला. तेथील क्लिनिकने पुन्हा मलेरिया झाल्याचे सांगून इंजेक्शनांसाठी आगाऊ डॉलर मागितले आहेत. त्याला भारतात आणावे की तेथेच दुसरे रुग्णालय शोधावे? आईला आम्ही अजून काहीच सांगितलेले नाही, कृपया लवकर लिहा.

किन्शासात_नऊ_वर्षे:
ताई, काँगो नावाचे दोन देश आहेत. एकाची राजधानी किन्शासा आणि नदीपलीकडच्या दुसऱ्याची ब्राझाव्हिल. भाऊ नेमका कोणत्या गावी आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे?

मिरजेची_ताई:
किन्शासाच्या देशात, कोल्वेझीला, तांबे-कोबाल्टच्या खाणीवर. खोलीत दोन तेलुगू सहकारी आहेत. रुग्णालयाचे सांगा ना.

खाणकामगार_लुबुम्बाशी:
सरळ गाडी करून लुबुम्बाशी गाठा आणि तेथून कासुम्बालेसाची सीमा ओलांडून झांबियात न्या. माझ्या मुकादमाला आम्ही असेच नेले होते आणि तो वाचला. पैसे देताना एक लक्षात ठेवा, जरा फाटलेली डॉलरची नोट तेथे कोणी घेत नाही.

निवृत्त_फिजिशियन:
आधी रुग्णाची स्थिती कळू द्या, मग गाडीचे बोलू. ताई, पहिल्या वेळी कोणते औषध दिले, शेवटचे इंजेक्शन कधी झाले, आता मलेरिया असल्याचे कोणत्या तपासणीवरून ठरवले आणि लघवीचा रंग कसा आहे, हे चारही सांगा.

मिरजेची_ताई:
चिठ्ठीवर आर्टेसुनेट लिहिले आहे. शेवटचे इंजेक्शन तेरा दिवसांपूर्वी झाले. या वेळी बोटाचे रक्त पट्टीवर घेतले आणि दोन रेषा उमटल्या. लघवी कोऱ्या चहासारखी आहे, पण ताप अजिबात नाही. हे महत्त्वाचे असेल असे मला वाटले नव्हते.

गावाकडचा_वैद्य:
ही उघड कावीळ आहे. आमच्याकडे तीन सकाळी मुळी देतात, तेल-तूप बंद करा.

निवृत्त_फिजिशियन:
कृपया कोणतीही मुळी देऊ नका. ताप नसताना डोळे पिवळे, लघवी गडद आणि दम लागणे, हे तांबड्या पेशी फुटत असल्याचे लक्षण असू शकते. आर्टेसुनेटने मलेरियाचा परजीवी मेला की प्लीहा त्याला पेशीतून काढून टाकते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते; पण अशा पेशींचे आयुष्य कमी असते आणि एक ते तीन आठवड्यांनी त्या एकदम फुटू लागतात. परजीवींची संख्या फार वाढलेल्या रुग्णांत, विशेषतः बाहेरून गेलेल्या माणसांत, हे आढळते. पट्टीवर विसंबू नका, कारण मलेरिया बरा झाल्यावरही ती कित्येक आठवडे दोन रेषा दाखवू शकते. तेथे फ्रेंचमध्ये ज्याला गूत एपेस म्हणतात, ती काचेवरच्या रक्ताच्या जाड थेंबाची तपासणी, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आजच करून घ्या.

खाणकामगार_लुबुम्बाशी:
लहान क्लिनिकात हे होणार नाही, म्हणूनच मी झांबिया म्हणालो.

निवृत्त_फिजिशियन:
कोल्वेझी ते लुबुम्बाशी सुमारे तीनशे किलोमीटर आहे. हिमोग्लोबिन किती आहे हे माहीत नसताना या माणसाला तेवढे अंतर बसवून नेण्यास माझा ठाम विरोध आहे. विमान कंपनीही त्याला अशा स्थितीत घेणार नाही.

प्रवासी_पुणे:
भारतात आणणार असाल तर पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र सोबत ठेवा, नाहीतर विमानतळावर अलग ठेवतात.

किन्शासात_नऊ_वर्षे:
ते नंतर पाहू. ताई, रक्त द्यावे लागले तर रुग्णालय बहुधा नातेवाइकांकडूनच बदली रक्तदाता मागते. जेवण आणि औषधेही जवळच्या माणसानेच आणायची असतात. दोन्ही सहकाऱ्यांचा रक्तगट आताच विचारा, एकाला रात्री भावाजवळ थांबू द्या, आणि खाणीच्या कंपनीने आरोग्य विमा काढला आहे का ते पाहा. बिल भरेपर्यंत रुग्णाला सोडत नाहीत, त्यामुळे विम्याचे हमीपत्र आधीच लागेल.

मिरजेची_ताई:
विम्याचा विचारच केला नव्हता. कंपनीच्या व्यवस्थापकाने फोन उचलला आणि भावाला खाणीच्या रुग्णालयात हलवले.

मिरजेची_ताई:
(रात्री) काचेवरची तपासणी नकारात्मक आली. हिमोग्लोबिन ६.१ आहे, क्रिएटिनिन ठीक आहे. नवीन इंजेक्शने थांबवली आहेत. भाऊ बी पॉझिटिव्ह आहे, एका सहकाऱ्याचा गट जुळला असून तो आत्ता रक्त देत आहे. डॉक्टर, रक्त चढवल्यावर पुढची तपासणी केव्हा करायची?

निवृत्त_फिजिशियन:
रक्त चढवून झाल्यावर आणि पुन्हा उद्या सकाळी, त्यानंतर आकडा स्थिर होईपर्यंत रोज. घरी पाठवल्यावरही चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन पाहायचे आहे, हे तेथील डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.