शब्बाथ शाळेचे बंद रविवार : २०२०-२१ मधले तुमचे अनुभव लिहा

२२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा रविवार. आमच्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या मुलांच्या बायबल वर्गाच्या, हजेरीपुस्तकात त्या तारखेचा रकाना आखलेला आहे आणि कोरा आहे. पुढची पानंही तशीच. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता, १२ ला ईस्टर. झावळ्या सांगून ठेवल्या होत्या. चौथीच्या मुलांनी गाणं बसवलं होतं, ते कुणी ऐकलंच नाही.

मी बेळगावात १४ वर्षं शब्बाथ शाळा घेते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या भागात ज्यांनी तेव्हा मुलांचं काम केलं, त्यांनी इथे लिहावं अशी मनापासून विनंती आहे. मोठ्यांच्या उपासना कशा चालल्या हे पुष्कळांनी सांगितलं. मुलांचं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. जमलं तेवढंच सांगू नका, कुठली मुलं हातची गेली तेही लिहा. मुलांची नावं मात्र नकोत.

आधी माझंच सांगते. हजेरीत ४१ मुलं होती. व्हॉट्सअॅपवर गट केला, दर शनिवारी गोष्टीचा व्हिडिओ टाकायला लागले. आईवडिलांचे हात जोडलेले इमोजी यायचे आणि शाळा सुरू आहे असं मी दोन महिने धरून चालले. जूनमध्ये वडगावच्या एका मुलाची आजी रेशनच्या रांगेत भेटली. म्हणाली, "बाई, फोन त्याच्या बापाजवळ असतोय की. माग बंद हाय म्हणून काम शोधत फिरतोय. रात्री येतोय तवर पोरगं झोपलेलं असतंय." घरी येऊन हजेरी उघडून बसले. ज्यांच्या हातात खरोखर फोन येत होता अशी मुलं १७ निघाली. उरलेल्या २४ जणांना मी काहीच शिकवत नव्हते.

त्या दिवशी व्हिडिओ बंद केले आणि साधे फोन सुरू केले. रोज संध्याकाळी सातनंतर सहा मुलं, म्हणजे आठवड्यात सगळी हजेरी व्हायची. पाच मिनिटांची गोष्ट, सोनेरी वचन (बायबलमधलं पाठ करायचं वाक्य) एकदा मी म्हणायचं, एकदा त्यांनी. पहिला प्रश्न मात्र "जेवलास काय?" हाच. पहिल्याच आठवड्यात तीन घरांत डाळ संपल्याचं कळलं ते या प्रश्नामुळे. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगितलं, दुसऱ्या दिवशी मंडळीतून (चर्चमधून) किराणा गेला.

८ जूनला प्रार्थनास्थळं उघडली, पण १० वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं अशी सूचना होती आणि गायकवृंदाला मनाई. त्यात जुलैमध्ये कर्नाटकात रविवारीच सगळं बंद. २०२० म्हणजे लंडन मिशनचे ख्रिस्ती मिशनरी बेळगावात आले त्याला २०० वर्षं. ती गोष्ट मुलांना मंडळीच्या आवारात, त्या जुन्या झाडांखाली बसवून सांगायची होती. फोनवर सांगितली, ४१ वेळा.

आता तुम्ही लिहा.

खानापूर तालुक्यातून, जंगलाकडचा भाग

बाई, आमच्याकडे फोनचाही उपयोग नव्हता. पावसाळ्यात लाईट गेली की टॉवर बंद, दोन-दोन दिवस.

मी सरकारी शाळेत शिक्षक आहे. ऑगस्टमध्ये विद्यागम सुरू झालं. शिक्षकांनी वस्तीवर जाऊन कट्ट्यावर, देवळाच्या ओवरीत, झाडाखाली मुलांना शिकवायचं. आठवडाभर हेच करतो तर रविवारी का नाही, असं वाटलं. मोटरसायकलवरून तीन वस्त्या करायचो. झेरॉक्स काढायला खानापूर गाठावं लागतं, म्हणून कार्बन लावून धडा हाताने लिहायचो. जोर लावून लिहिलं तर चार प्रती नीट उठतात, पाचवी पुसट. पुसट प्रत कुणी घ्यायची यावरून दर रविवारी भांडण. शेवटी सातवीतल्या एका मुलीने तोड काढली. पुसट कागद ती स्वतः घ्यायची आणि पेनने गिरवून दुसऱ्या दिवशी धाकट्यांना द्यायची. गिरवता गिरवता तिचे सगळे धडे पाठ झाले.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो. ऑक्टोबरमध्ये विद्यागम थांबवलं, शिक्षकांना आणि मुलांना लागण होत होती म्हणून. त्याच्या आदल्याच आठवड्यात मला ताप आला. तपासणी पॉझिटिव्ह. त्या रविवारी मी तिन्ही वस्त्या फिरून आलो होतो. चौदा दिवस पडल्या पडल्या एकेका घराची बातमी घेत होतो. एका घरी म्हातारी आजी होती, तिच्या नावाने झोप लागत नसे. कुणालाही काही झालं नाही, देवाची कृपा. पण मी गेलो ते बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

बेळगाव, टिळकवाडी

कागदांवरून आठवलं. मीही पहिलीच्या पुढच्या मुलांना मराठीत छापलेले धडे घरपोच केले होते. तिसऱ्या आठवड्यात एका आईने हळूच सांगितलं, "त्याला वाचता येत नाही हो." मुलगा पाचवीत होता. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा कन्नड. घरी चोवीस तास मराठी, पण देवनागरी अक्षर डोळ्यांखालून जातं ते फक्त रविवारी, गीतांच्या पुस्तकात. वर्गात तो इतरांच्या मागून म्हणायचा म्हणून मला कधी कळलंच नाही. अशी नऊ मुलं निघाली. सीमाभागात राहून हे माझ्या ध्यानात येऊ नये याचं फार वाईट वाटलं.

मग आज्यांना हाताशी धरलं. रोज एक कडवं, बोट ठेवून वाचायचं. मुलाला चाल आधीच पाठ, त्यामुळे पुढचा शब्द काय असणार हे ठाऊक असतं आणि अक्षर ओळखू येतं. नऊपैकी सहा मुलं नाताळपर्यंत वाचायला लागली. एका आजीला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं. ती पाठ म्हणायची आणि नातू तिचं बोट योग्य ओळीवर नेऊन ठेवायचा.

निपाणी

मी कागलला राहते, शब्बाथ शाळा निपाणीत. २०२१ मध्ये कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागायला लागले, तोही ७२ तासांतला. दर रविवारी कुठून आणणार? गोष्टी रेकॉर्ड करून आयांच्या फोनवर पाठवल्या. विड्या वळायला बसल्या की त्या स्पीकर लावायच्या, पोरं आजूबाजूला. त्यातल्या दोन आया आज माझ्यासोबत वर्ग घेतात.

पुण्याहून, मूळ बेळगावचा

थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या मुलींना झूमवरच बेळगावची शब्बाथ शाळा मिळाली. एरवी त्या मराठी गीतं शिकल्याच नसत्या. ते पूर्णपणे बंद झालं याची हळहळ वाटते.

बेळगाव तालुक्यातलं एक गाव

मे २०२१. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले. तो नऊ वर्षांचा. दफनविधीला घरचे दोघं आणि पीपीई घातलेले चार जण. पाळकसाहेबांनी लांब उभं राहून प्रार्थना केली. मुलाला नेलं नव्हतं.

मी फोन केला तेव्हा मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं निरुपयोगी ठरली. "देवाने नेलं" असं लहान मुलाला म्हणू नये, हे त्या दिवशी कळलं. नेणाऱ्यावर त्याचा राग बसतो. त्याने एकच विचारलं, "टीचर, पप्पांसाठी गाणं म्हटलं काय?" म्हटलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग मीच म्हटलं, आपण म्हणूया. त्याच्या वडिलांचं आवडतं गीत त्याला माहीत होतं. फोनवर दोघांनी म्हटलं, चार कडवी. तिसऱ्या कडव्याला त्याच्या आईचाही आवाज आला.

पुढे महिनाभर रोज तेच गीत. मी धडा घेतला नाही.

बेळगाव, कॅम्प

मी तेव्हा ११ वर्षांची होते, आता स्वतः बालवर्ग घेते. धागा सुरू करणाऱ्या बाई माझ्याच बाई. ते धडे मला फारसे आठवत नाहीत. बुधवार माझा वार होता हे आठवतं. सात वाजता फोन आईच्या हातातून घेऊन दारात बसायचे. एका बुधवारी बाईंचा फोन आला नाही, तेव्हा खूप रडले होते. दुसऱ्या दिवशी कळलं की बाईच आजारी होत्या.

धागा सुरू करणारी

पोरी, तो बुधवार मलाही आठवतो.

पप्पांसाठी म्हटलेल्या गाण्याबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचं वाचून मध्येच थांबावं लागलं. टिळकवाडीच्या ताईंनी गीतांवरून वाचन कसं घेतलं ते सविस्तर लिहावं. माझ्या वर्गात आजही अशी मुलं आहेत आणि येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मला ते करून बघायचं आहे. पुण्याचे भाऊ, महिन्यातला एक रविवार बाहेरगावच्या मुलांसाठी झूमवर घेता येईल का, हे पाळकसाहेबांशी बोलते.

माझ्या ४१ पैकी पाच मुलं परत आली नाहीत. तिघं मोठी होऊन कामाला लागली. दोघं सख्खी भावंडं, आईवडील कामासाठी गोव्याकडे गेले, वास्कोच्या बाजूला असं ऐकलं. जुना नंबर लागत नाही. धाकट्याला तेव्हा बायबलमधलं स्तोत्र २३ अर्धंच पाठ झालं होतं. त्या बाजूच्या मराठी मंडळीत कुणी काम करत असेल तर मला कळवा.