सीआरपी वाढलेला आहे, म्हणजे आप्पांना नैराश्य आहे का?

प्रश्न (खानापूर)
आमचे आप्पा ७२ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. आई गेल्यापासून ते शेताकडे फिरकत नाहीत, अर्धी भाकरी ठेवून उठतात आणि पहाटे तीनलाच जागे होतात. रक्तात दाह दाखवणारा सीआरपी ८ निघाला. शरीरातील दाह आणि नैराश्य यांचा संबंध असल्याचे वाचले, म्हणून बेळगावला नेऊन आणखी महागड्या तपासण्या कराव्यात काय?

उत्तर (टिळकवाडी)
मी पॅथॉलॉजीत काम करतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून हिरड्यांची सूज, लठ्ठपणा किंवा नुकताच येऊन गेलेला ताप, यांपैकी कशानेही ते वाढते. नैराश्याच्या रुग्णांत त्याची सरासरी थोडी अधिक आढळते हे खरे; पण गटाच्या सरासरीवरून एकट्या आप्पांचे निदान होत नाही. २०१३ साली नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध वापरून पाहिले, तेव्हा एकूण गटाला फायदा झाला नाही. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांच्यातच तो होण्याची चिन्हे दिसली. उद्या कदाचित उपचार निवडायला याचा उपयोग होईल. तूर्त आयएल-६ (दाहाशी निगडित प्रथिन) किंवा बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना पोसणारे प्रथिन) यांच्या तपासण्यांवर पैसे घालू नका.

उत्तर (निपाणी)
आप्पा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतात काय? ती वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्यातून थकवा, विसराळूपणा व उदासी येते. त्यामुळे बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि सोडियम या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. सोडियम मुद्दाम सांगतो, कारण नैराश्यावरील काही गोळ्यांनी वृद्धांचे सोडियम उतरते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर.

उत्तर (शहापूर, बेळगाव)
वृद्धांसाठी १५ प्रश्नांची ‘हो-नाही’ स्वरूपाची नैराश्य प्रश्नावली आहे. तिच्यात झोप, भूक, दुखणे यांविषयी मुद्दाम विचारलेले नाही, कारण या तक्रारी म्हातारपणी इतर आजारांनीही होतात. मात्र आप्पांना ती मराठीतून आणि ते एकटे असतानाच विचारली जावी. आमच्या सासूबाई डॉक्टरांच्या कानडी प्रश्नांना ‘बरं हाय’ एवढेच म्हणत आणि पुढचे सगळे त्यांचा मुलगाच सांगे. त्याला बाहेर बसवून परिचारिकेने मराठीत विचारल्यावर ‘जगून काय करू’ हे प्रथमच बाहेर आले. असे काही आप्पांच्या तोंडून ऐकलेत, तर अहवालाची वाट न पाहता मानसोपचार डॉक्टरांना गाठा. १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.