करडं थंडीनंच मरतात का? आजीच्या एका वाक्यावरून प्रश्न

जुन्नरचा_शेळीवाला
मंडळी, 3 शेळ्या डिसेंबरात व्यायल्या, सगळ्यांना जुळी, 6 मधली 2 करडं दोन दिवसांत गेली. दोन्ही बारकी. एक तर सकाळी बघतो तर ओलंच पडलेलं, तोंडात बोट घातलं तर आतून गार. आजी शेजारी उभी होती, म्हणाली "माझं पण एक असंच गेलं, आठव्या दिवशी". मला काय बोलावं सुचलंच नाही. तेव्हापासून डोक्यात आहे, करडाचं आणि माणसाच्या लेकराचं कारण एकच असतं का? (शिव्या घालू नका, गोठ्याला पडदे लावलेत आता.)

गोठा_डॉक्टर
तोंड आतून गार म्हणजे निम्मं उत्तर तूच दिलंस. ओलं करडू गार पडलं की चोखायची ताकद जाते, आणि चोखलं नाही की अंगात ऊब येत नाही, मग ते अजून गार. त्यात शेळी, गाय, म्हैस यांच्या पिलाला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, सगळी चिकातून येते, आणि ती शोषायची आतड्याची ताकद 24 तासांत संपते. सड दोनच, मोठं करडू आधी धरतं, बारकं मागं राहतं. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात 200 मिली चीक, 3-4 वेळा विभागून, पहिला तासाभरात. पण गार पडलेल्याला आधी गोणपाटानं खसाखसा पुसून ऊब द्या, चोखत नसेल तर तोंडात दूध ओतू नका, फुप्फुसात जातं. नाळेला टिंक्चर आयोडीन. आणि गाईवाल्यांनो, खरवस नंतर, आधी वासरू!!

आशाताई_गडचिरोली
माणसाच्या बाळाला थोडी शक्ती वारेतून मिळते, तेवढा फरक, बाकी ऊब आणि चीक तेच. पूर्वी बाळ झालं की लगेच आंघोळ घालायचे, चीक पिळून टाकायचे आणि मधाचं बोट चाटवायचे, म्हणजे जे करायला नको ते सगळं. आमच्याच जिल्ह्यात डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बाया शिकवल्या, आरोग्यदूत म्हणायचे त्यांना. वजन करणं, उबदार पिशवी, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन. 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते, तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजारी 25 च्या आसपास नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांत 60 च्या आसपास. आम्ही आशा आता 3, 7, 14, 21, 28, 42 व्या दिवशी घरी जातो ते त्यातूनच आलंय (सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, तो विषय वेगळा).
पण दादा, आठवा दिवस म्हणालात म्हणून विचारते, बाळ आधी नीट पीत होतं आणि मग एकदम तोंडच उघडेना असं झालं होतं का? तसं असेल तर थंडी नाही, धनुर्वात. नाळ कशानं कापली ते विचारा.

तबेल्याशेजारी_राहणारा
सगळं थंडीवर ढकलू नका राव. म्हशीला रेडा झाला की त्याला चीक किती मिळतो बघा कधी, पारडी असली तर गोणपाट पांघरतात, रेडा मरतो आणि म्हणतात अशक्त होता. आणि आपल्यात उलटं, मुलगी आजारी पडली की "बघू दोन दिवस" म्हणणारी घरं मी बघितलीत. वानरांत अजून भयंकर, 1960 च्या दशकात धारवाडजवळ सुगियामा नावाच्या जपानी संशोधकानं बघितलेलं, टोळीत नवा नर आला की अंगावरची पिल्लं मारतो. म्हणजे हवामान कितीही चांगलं असू दे, आजूबाजूला कोण आहे त्यावर पण असतंय.

जुन्नरचा_शेळीवाला
ताई, विचारलं. आजी बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली पाचवी पुजेपर्यंत चांगलं पीत होतं, नंतर जबडाच बसला, हात लावला की अंग ताठ करायचं. नाळ विळ्यानं कापली होती. तिला सगळे म्हणाले सटवाईनं नेलं, तुझं दूध जड होतं. इतकी वर्षं ती तेच धरून होती.

आशाताई_गडचिरोली
त्यांना सांगा दुधाचा काही संबंध नव्हता, विळ्याचा होता. आता गरोदरपणातच धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, नाळ नव्या ब्लेडनं कापतात, 2015 ला बाळंतपणातला धनुर्वात देशातून आटोक्यात आल्याचं जाहीर पण झालं.

जुन्नरचा_शेळीवाला
सांगितलं. "बरं" म्हणाली फक्त, आणि उठून गोठ्यात गेली. @गोठा_डॉक्टर ते टिंक्चर मेडिकलमध्ये मिळतं ना? चौथी शेळी पण आज-उद्यात व्यायची.