अनुदान फक्त सौरलाच मिळतं?

वर कोणीतरी लिहिलंय की सौरचं अनुदान काढा आणि कोळशाशी बरोबरीने लढू द्या, जो स्वस्त तो टिकेल. बरोबरीची लढत मलाही हवी आहे. पण पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या सरकारी योजनेचे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये कागदावर दिसतात, कोळशाला मिळणारी सूट, म्हणजे त्याच्या राखेचा भुर्दंड दुसऱ्यांनी भरणं, कुठेच लिहिलेली नसते. माझी मावशी नागपूरजवळ कोळशावरच्या वीजकेंद्राची राख साठवणाऱ्या एका तलावाजवळ राहते. उन्हाळ्यात खाटेवर कुरडया वाळत घातल्या आणि दुपारी वारा सुटला, की त्यांच्यावर करडा थर बसतो. आता ती वाळवणं घरातच पंख्याखाली करते. त्या पंख्याचं बिलही तीच भरते!

इथे कोळशावरच्या सेसचा, म्हणजे उपकराचा, विषय कोणी काढलेला नाही, म्हणून सांगतो. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ मध्ये तो जीएसटी भरपाई उपकरात गेला, म्हणजे पैसा जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून काढायला वळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. आकडा वाढलेला दिसतो, पण कर आता वजनावर नाही, किमतीवर बसतो. जळल्यावर जास्त राख सोडणारा कोळसा स्वस्त असतो, म्हणजे टनामागे सगळ्यात कमी कर त्यालाच. राख जास्त, कर कमी. ही कसली बरोबरीची लढत?